इतवारची खाट

गिरजामावशी आमच्या शेजारी राहायची, भिलाईच्या सेक्टर सहामधल्या कंपनीच्या क्वार्टरात. तिची धाकटी बहीण मथुरा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी होती, पण मी तिला नुसतं मथुरा म्हणत असे. सगळेच म्हणत. ती कुणाची ताई झाली नाही, मावशी झाली नाही. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

मथुराची समज सहा-सात वर्षांच्या मुलीएवढीच राहिली, असं लोक म्हणायचे. मला ते पुरतं खरं वाटत नाही. तिला आकडे येत नव्हते, लुगडं नेसताना गाठ मारता येत नव्हती, रस्ता ओलांडताना ती मधेच थांबून राही. पण कोण रुसलं आहे, कोण जेवलेलं नाही, कुणाच्या घरी सकाळी भांडण झालं, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. ती त्या माणसाजवळ जाऊन नुसती बसे.

दोघी बहिणी साकोलीकडच्या एका खेड्यातल्या. आईवडील गेले, गिरजामावशीचा नवराही दोन दिवसांच्या तापानं गेला. भावकी होती, पण मथुरासकट ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. सत्तावन्न साली भिलाईत कारखाना उभा राहतो आहे, बायांनाही काम मिळतं, असं ऐकून गिरजामावशी एक पेटी आणि बहीण घेऊन गोंदियाहून गाडीनं दुर्गला उतरली. ती रेजा म्हणून लागली. दिवसभर डोक्यावर घमेलं. माती, गिट्टी, विटा.

मजुरांच्या कॅम्पात तट्ट्याच्या झोपड्या होत्या. माझे आईवडीलही तेव्हा तिथंच राहत. आई सांगायची, मथुरेला त्या कॅम्पात कुणी काम दिलं नव्हतं, तिनंच ते धरलं. ती कामावरच्या बायांना पाणी नेऊन देई. कोणती बाई कोणत्या खड्ड्याशी आहे, कुणाला ओंजळीनं प्यायला आवडतं, कुणाला लोट्यानं, हे तिचं कधी चुकलं नाही. ती वाट चुकून भलतीकडे गेली तर कुणीतरी मुकादम, कुणीतरी ट्रकवाला तिला हाताला धरून परत आणी. कॅम्पात तिला ओळखत नाही असं माणूसच नव्हतं. रशियन साहेब गाडीतून जाताना ती उभी राहून त्यांना नमस्कार करी, आणि तेही हात जोडत.

मग भट्टी पेटली, लोखंड निघालं, कॅम्प मोडला. ज्यांना पक्की नोकरी मिळाली ते क्वार्टरात गेले, बाकीचे कुठं कुठं पांगले. गिरजामावशीला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. क्वार्टर मिळालं, नळ मिळाला, बिजली मिळाली. सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं. आणि मथुराचे हाल तिथून सुरू झाले, कारण क्वार्टराला दार होतं.

गिरजामावशी ड्यूटीवर गेली की मथुरा एकटी. पहिले सहा महिने माझ्या आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझा भाऊ झाला, आईची तब्येत बिघडली, आणि तिनं सांगितलं की आता जमणार नाही. त्यानंतर मथुरा एकदा रेल्वे लाइनीपर्यंत चालत गेली. एका गँगमननं तिला ओढून मागं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून गिरजामावशी जाताना बाहेरून कडी लावू लागली.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. भिंतीपलीकडून मथुराचा आवाज यायचा. आधी ती बहिणीला हाका मारी, मग दार वाजवी, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. आई पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि पुन्हा लाटायला लागायची.

आमच्या भागात आनंदराव नावाचे गृहस्थ होते. कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क. भंडाऱ्याकडच्या लोकांचे अर्ज, पत्रं, सोयरिकी, सगळं त्यांच्याकडून व्हायचं, आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी गिरजामावशीला सांगितलं की दुर्गहून बोरसीकडे जाणाऱ्या वाटेवर नागपूरच्या एक सिंधुताई आहेत, शाळेत शिकवत होत्या, आता मथुरासारख्या बायांना घरी ठेवतात. डोळे मिटून जा, ते म्हणाले, माझ्या भरवशावर जा.

गिरजामावशी मथुरेला घेऊन गेली. कौलारू घर, पुढं ओसरी, अंगणात पेरूचं झाड. चार बाया तिथं आधीच होत्या. सिंधुताईंनी चहा दिला, एक वही काढली आणि गिरजामावशीला खाली सतरंजीवर न बसवता खुर्ची दिली. मग त्या विचारत गेल्या. मथुरेला काय आवडतं? काय खाल्लं की पोट बिघडतं? केस कोण विंचरतं? झोपताना दिवा लागतो का? कशाला घाबरते?

मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा मी मोठी झाले होते, लग्न होऊन माहेरपणाला आले होते. ती म्हणाली, "जया, तीस वर्षांत मले कोणंच असं इचारलं नव्हतं. लोक इचारत का, हे अशी कावून झाली. तिले काय आवडते, असं कोणी नाही इचारलं. मी तिथं रडली."

आणि तिनं सगळं सांगितलं. गोड शिरा आवडतो. वांगं चालत नाही. आणि कशाला घाबरते, तर बाहेरून दार लावलं की घाबरते. आधी ओरडते, मग एकदम गप होते, दिवसभर गप राहते. सिंधुताईंनी तेही लिहून घेतलं.

मथुरा तिथं राहिली. मावशीला इतवारची सुट्टी असे. दर इतवारी ती पहिल्या बसनं दुर्गला जाई आणि तिथून पायी बोरसीच्या वाटेला लागे. घरात सगळं नीट असायचं. पाच खाटा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर फुलाफुलांची चादर, उशाला पेटी, पेटीवर नाव. मथुरा धुतलेलं लुगडं नेसून, तेल लावून बसलेली असे. सिंधुताई दोघींना शिरा देत. मावशी तासभर बसे आणि हलक्या मनानं परत येई. पगारातून ठरलेलं ती वेळेवर पोचवत होती, आणि ते तिला कधी जड वाटलं नाही.

मथुरा दर खेपेला खाटेवर हात फिरवून एक गोष्ट सांगे, "हे इतवारची खाट होय."

मावशीला हसू यायचं. मथुरा वार शिकली, असं तिनं कॅन्टीनमधल्या बायांना कौतुकानं सांगितलं. आमच्याकडे येऊन आईलाही सांगितलं. आईही हसली.

एकदा मावशीला मथुराची बोटं दिसली. टोकं फाटलेली, नखांत राखाडी काहीतरी साचलेलं. तिनं विचारलं तेव्हा सिंधुताई म्हणाल्या की तिला मातीत खेळायला फार आवडतं, आम्ही तिला बागेत काम करू देतो, हात धुवायला मात्र कंटाळते. मावशीनं पुढच्या इतवारी खोबरेल तेलाची बाटली नेली. मथुरा वाळत चालली होती, पण ती आधीपासून बारीकच होती. निघताना ती मावशीचा पदर धरी. मावशी तिचा हात सोडवून म्हणे, उद्या येते.

अशी दोन वर्षं गेली.

त्रेसष्ट साली कॅन्टीनच्या पाळ्या बदलल्या आणि मावशीची सुट्टी मंगळवारी आली. सिंधुताईंना कळवायचं कसं, हे तिला सुचेना. मंगळवारी जाऊन सांगू, असं तिनं ठरवलं. त्या दिवशी ती नेहमीसारखीच निघाली आणि दहा-साडेदहाला तिथं पोचली. पुढच्या दाराला कुलूप होतं. घरामागून थापट्या मारल्यासारखा आवाज येत होता. ती वळसा घालून मागं गेली.

मागं टिनाची शेड होती. तिथं सिमेंटच्या रिकाम्या कागदी पोत्यांचा ढीग होता. चार बाया पोती झटकत होत्या, कापत होत्या, खळ लावून दुकानदारांच्या पुड्यांच्या पिशव्या चिकटवत होत्या. सगळ्या राखाडी झालेल्या, केस, भुवया, ओठ. एकीनं मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागली. खिडकीतून आतली खोली दिसत होती. पाचही खाटा भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या आणि फुलांच्या चादरी घडी करून फळीवर ठेवलेल्या. शेडच्या कोपऱ्यात पाच फाटक्या चटया गुंडाळून ठेवल्या होत्या.

मथुरा तिथं नव्हती. मावशीनं विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी नलू नावाच्या बाईनं, जिला बोलता फारसं येत नव्हतं, खळीचा हात उचलून लाकडं ठेवायच्या कोठीकडे बोट दाखवलं.

कोठीला बाहेरून कडी होती.

मावशीनं ती काढली. मथुरा लाकडांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दोन्ही हात कानांवर. ती रडत नव्हती. उजेड आला तशी तिनं वर पाहिलं, बहीण ओळखली, आणि घाईघाईनं उठली. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, "थांब बाई, लुगडं बदलून येतो."

बहीण आली म्हणजे लुगडं बदलायचं, हे तिला शिकवलं होतं.

सिंधुताई तासाभरानं बाजारातून आल्या. तोवर मावशीनं मथुराचं तोंड धुतलं होतं, पेटी शोधली होती. पेटीत नवीन लुगडं होतं, तिनंच दिलेलं, आणि खोबरेलची बाटली, न फोडलेली. सिंधुताई आधी गोंधळल्या, मग शांत झाल्या. मावशीला वाटलं होतं त्या पाया पडतील किंवा खोटं बोलतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

त्या म्हणाल्या, सुरुवातीला त्यांनीही सगळं केलं होतं. पहिल्या वर्षी, मथुरा यायच्या आधी, त्या स्वतः चौघींना आंघोळ घालत, गोष्टी सांगत, रोज खाटा मांडत. मदतीला कुणी टिकलं नाही. ज्यांनी बाया आणून सोडल्या ते पुन्हा फिरकले नाहीत, एक गिरजाबाई सोडली तर. घर चालवायचं तर काम करून घ्यावं लागतं.

"मंग कोंडता कावून?" मावशीनं विचारलं. "तिले कोंडता कावून?"

"ती ऐकत नाही तेव्हा," सिंधुताई म्हणाल्या. "आणि हे मला तुम्हीच सांगितलं, गिरजाबाई. दार लावलं की गप होते म्हणून. माझ्या वहीत आहे. तुमच्या घरी तुम्ही काय करत होतात?"

मावशीनं मला पुढं सांगितलं, त्या क्षणी तिला त्या बाईचा जीव घ्यावासा वाटला, आणि त्याच क्षणी तिला कळलं की आपण सांगितलेली एकेक गोष्ट आपल्याच बहिणीवर चालवली गेली. तिनं पेटी डोक्यावर घेतली, मथुराचा हात धरला आणि निघाली. शेडपाशी नलू उठून उभी राहिली होती. आपणही निघायचं आहे, असं नलूला वाटलं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि तशीच पुढं चालू लागली. यावर ती माझ्याशी एकदाच बोलली, पुन्हा नाही.

परतताना बसमध्ये तिला इतवारची खाट आठवली. दोन वर्षं मथुरा तेच सांगत होती. तिला जेवढं सांगता येत होतं तेवढं, दर आठवड्याला, न चुकता.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली आणि वडिलांकडे हातोडा मागितला. वडिलांनी विचारलं, कशाला. ती तो घेऊन गेली. थोड्या वेळानं ठोकल्याचे आवाज आले. तिनं दाराची बाहेरची कडी उखडून काढली. माझी आई ओट्यावर जाऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मथुरा माह्याकडे बसन." शेजारच्या आणखी दोघींनी वेळ वाटून घेतली. हे तीन वर्षांपूर्वीही जमलं असतं. आई मरेपर्यंत ते बोलत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मावशी आनंदरावांकडे गेली. तिला वाटलं होतं ते ऐकून पेटून उठतील, चार माणसं घेऊन बोरसीला जातील. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "मले माहीत होतं गिरजाबाई. पोत्याचं काम मी पायलं होतं. कोठीचं नव्हतं माहीत."

"माहीत होतं त मले पाठवलं कसं?"

"तुमी रोज कडी लावून जात होत्या. मले वाटलं, याच्यापेक्षा बरं." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की गवगवा करू नका, बाई नावाजलेली आहे, ते घर बंद पडलं तर बाकीच्या चौघी जातील कुठं.

मावशी उठून आली. अर्ज लिहून घ्यायला, पत्र वाचून घ्यायला ती पुन्हा कधी त्यांच्याकडे गेली नाही. समाजाच्या कार्यक्रमात ते समोर आले तर ती जागा बदलून बसे. लोकांनी तिलाच आखडू म्हटलं.

नलू तिच्या मनातून जाईना. तिनं चौकशी केली, तर नलूचा भाऊ राजनांदगावकडे राहतो असं कळलं. एक मंगळवार काढून ती तिथं गेली. भाऊ चांगला माणूस निघाला. त्यानं जेवायला घातलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्याला कल्पना आहे. बायको आजारी, दोन खोल्या, कुठं ठेवू? मावशीनं विचारलं, निदान भेटायला तरी जाता का? तो म्हणाला, भेटलो तर तिला आणावी लागेल.

मग मावशी स्वतःच जाऊ लागली. तिला आत घेत नसत, तर ती फाटकापाशी उभी राही आणि शेडकडे पाहून नलूला हाक मारी. कधी मंगळवारी, कधी पाळी बदलून बुधवारी, कधी सकाळी, कधी दुपारी. ती कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसल्यामुळे खाटा रोज मांडाव्या लागल्या, असं एकदा तिथल्या दूधवाल्यानं तिला सांगितलं. तिनं ते आईला सांगितलं, पण त्यात काही फुशारकी नव्हती.

मथुरा आमच्या ओळीत रुळली. तांदूळ निवडायला तिला आवडे. खडा सापडला की तो तळहातावर घेऊन ती सगळ्यांना दाखवत फिरे. बोटं बरी झाली. अंगावर मांस आलं. पण ती दारात बसायची, उंबऱ्यावर, पावसाची झड आली तरी, आणि कुणाला दार ओढू द्यायची नाही. बहीण ड्यूटीवरून आली की कित्येक महिने ती पेटीकडे जाऊन लुगडं काढायची. मावशी तिच्या हातातून ते घेऊन परत ठेवी. पुढं ते थांबलं. दुसरं मात्र थांबलं नाही. मावशी सांगे ते तिला खरं वाटेना. चार वाजता येते म्हटलं तर ती बाकीच्यांना विचारत बसे, येईल का, आणि मावशी चारला आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन वर्षं दर इतवारी ऐकलेलं 'उद्या येते' तिच्या मनात राहिलं होतं.

सहासष्टच्या उन्हाळ्यात मावशी बोरसीच्या वाटेला गेली आणि फाटक उघडं दिसलं. ती आत गेली. घर रिकामं होतं. शेडमध्ये कागदाचे तुकडे आणि वाळलेल्या खळीचं डबडं. दूधवाला म्हणाला, तीन दिवसांपूर्वी सकाळी ट्रक आला, खाटा चढवल्या, बाया चढवल्या. कुठं गेले ते सांगितलं नाही. कुणी रायपूर म्हणे, कुणी जबलपूर. मावशी तिच्या नियमाविरुद्ध आनंदरावांच्या दारात गेली. त्यांनाही माहीत नव्हतं. तिनं नलूच्या भावाला पत्र पाठवलं, या वेळी माझ्याकडून लिहून घेऊन. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मथुरा उंबऱ्यावर होती. मी आमच्या ओट्यावर अभ्यास करत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"नलू भेटली?"

"नाही. गेली ते."

"कुठी?"

"मले माहीत नाही, मथुरा."

"तुले माहीत आहे," मथुरा म्हणाली. "तू सांगत नाही."

मावशीनं पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. मथुरा उठली, आमच्या ओट्यावर आली आणि माझ्याजवळ बसून मला विचारू लागली, नलू कुठं आहे.